लाज, लेझर आणि फुप्पीची नमाज

रमजानला दोन आठवडे बाकी असताना मी उंद्रीला गेलो होतो. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे गाव. फुप्पी तिथेच राहते. दुपारचे जेवण झाल्यावर तिने माझ्या बायकोला आतल्या खोलीत बोलावले. बऱ्याच वेळाने बायको हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक घेऊन बाहेर आली. निम्मे इंग्रजीत, निम्मे मराठीत. वर एका हसऱ्या बाईचा फोटो. खाली यादी: लघवी सुटणे, अंगावरून पांढरे जाणे, कोरडेपणा, जळजळ. या सगळ्यांवर एकच उपाय, लेझर. टाके नाहीत, भूल नाही, दुखणार नाही. तीन बैठकांचे ४५ हजार रुपये. शहरातल्या एका खासगी दवाखान्याचे ते पत्रक होते आणि फुप्पीने हातातल्या पाटल्या मोडायची तयारी केली होती.

तिसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे जवळपास ३० वर्षांपासून, खोकला आला, शिंक आली, पाण्याचा हंडा उचलला की तिची लघवी सुटते. लग्नात ती नेहमी दाराजवळ बसते. एसटीने लांबचा प्रवास टाळते. आम्हाला तो तिचा स्वभाव वाटायचा. काही वर्षांपासून ती खुर्चीवर बसून, दार लोटून नमाज पढते. आम्ही समजत होतो, गुडघे दुखत असतील. खरे कारण त्या दिवशी कळले. सजद्यात वाकले की थेंब सुटतो आणि वुजू जातो. आपली नमाज कबूल होते की नाही, या धास्तीत तिने इतकी वर्षे काढली होती. नवऱ्याला सांगितले नाही, मुलांना नाही, डॉक्टरला तर नाहीच.

हे सगळे तिची परवानगी घेऊन लिहितो आहे. पत्रक माझ्याकडे पाठवताना तिने आतूनच विचारले होते, “बेटा, ये लाइट से सच में ठीक होता क्या?”

मी डॉक्टर नाही, इतिहास वाचणारा माणूस आहे. पण प्रश्न घरातून आला होता. उत्तर शोधता शोधता मी मदिना, कुर्तुबा आणि बारामती असा फिरून आलो. तो प्रवास इथे मांडतो.

मदिनेत विचारलेला प्रश्न

आपल्या घरांत बायकांच्या दुखण्यावर बोलणे म्हणजे बेशरमी, असे मानले जाते. हे मानणारे त्याला धर्माचा आधार देतात. पण हदीसची पाने उघडली की वेगळेच चित्र दिसते. सहीह बुखारीत फातिमा बिन्त अबी हुबैश या स्त्रीची हकीकत आहे. तिचा रक्तस्राव थांबतच नव्हता. ती थेट पैगंबरांकडे आली आणि विचारले, अशा अवस्थेत मी नमाज सोडून देऊ का? पैगंबरांनी तिला सांगितले की हा स्राव मासिक पाळीचा नाही, एका शिरेतून येणारा आहे. पाळीचे नेहमीचे दिवस सोडावेत आणि मग अंग धुऊन नमाज पढावी. उम्मे हबीबा बिन्त जहश यांना हाच त्रास सात वर्षे होता. त्यांनीही विचारले. हजरत आयशा यांनी तर अन्सारी स्त्रियांचे यासाठी कौतुक केले की, लाजेपायी त्या दीन समजून घ्यायच्या थांबल्या नाहीत.

या प्रसंगांतून फिकहमध्ये ‘इस्तिहाजा’ नावाचे पूर्ण प्रकरण उभे राहिले. पाळीचे रक्त वेगळे आणि आजाराचे वेगळे, हा भेद त्यात आहे. आजारी स्त्रीला सवलत आहे. तिला अपवित्र ठरवून बाजूला बसवलेले नाही. ज्याची लघवी सतत झिरपते त्यालाही याच धर्तीवर ‘माजूर’ मानून सवलत दिली गेली. म्हणजे हे दुखणे आपल्या धार्मिक वाङ्मयात चौदाशे वर्षांपासून उघडपणे लिहिलेले आहे. ते आपल्या ओसरीवर मात्र पोहोचलेले नाही.

कुर्तुब्याचा शल्यवैद्य

दुसरा मुक्काम अंदलूस, म्हणजे मुस्लिम स्पेन. कुर्तुबा शहराजवळच्या मदीनतुझ्झहरा या राजनगरीवरून ज्याचे नाव पडले तो अबुल कासिम अल-जहरावी दहाव्या शतकातला. ‘किताबुत तसरीफ’ या त्याच्या ग्रंथाचे ३० भाग आहेत आणि शेवटचा भाग पूर्णपणे शस्त्रक्रियेवर आहे. त्यात हत्यारांची चित्रे काढलेली आहेत. बाळंतपणातली हत्यारे, योनिमार्ग उघडून आत पाहण्याची साधने, मूत्रमार्गात अडकलेला खडा फोडणारे गिरमिटासारखे बारीक हत्यार, सगळे त्यात आहे. बाराव्या शतकात टोलेडोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचे लॅटिन भाषांतर केले आणि युरोपातले शल्यवैद्य पुढची काही शतके ते वाचत राहिले.

स्त्रियांच्या मूत्राशयातील खड्याबद्दल लिहिताना अल-जहरावी एक अडचण मोकळेपणाने नोंदवतो. बाई लाजेमुळे पुरुष वैद्यासमोर स्वतःला तपासू देत नाही. शस्त्रक्रिया जाणणारी स्त्री सहज मिळत नाही. यावर त्याचा तोडगा असा की एखादी जाणकार वैद्य स्त्री किंवा अनुभवी सुईण शोधावी, तिला जवळ उभे करावे आणि आपण सांगू तसे तिच्या हातून काम करून घ्यावे. हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाला बाईची लाज दिसली. त्याने तिला दोष दिला नाही आणि उपचारही सोडला नाही. वाट काढली.

त्याच्याच काळात बुखाराजवळ जन्मलेल्या इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. फार लहान वयात लग्न झालेल्या आणि मूत्राशय नाजूक असलेल्या स्त्रीला वैद्याने गर्भ टाळण्याचा उपाय शिकवावा. कारण गर्भाच्या भाराने मूत्राशय फाटू शकते, लघवी गळत राहते आणि ते मरेपर्यंत बरे होत नाही. बाळंतपण आणि लघवी सुटणे यांचे नाते त्याला माहीत होते.

हे सांगताना ‘सगळे शोध आमच्याकडे आधीच लागले होते’ असे म्हणायचे नाही. तसे म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. इब्न सीनाला त्यावर इलाज सापडला नव्हता, आणि ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले. तो प्रामाणिकपणा महत्त्वाचा. पुढे पत्रकाकडे वळू तेव्हा त्याची आठवण ठेवावी लागेल.

बारामतीचा मुलगा

आता लेझर. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. साधा दिवा प्रकाश चहूकडे उधळतो. लेझरमध्ये एकाच रंगाच्या लहरी एकमेकींशी पाऊल जुळवून एकाच दिशेने जातात. म्हणून तो किरण टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर एकवटता येतो.

पण बायकांच्या दवाखान्यात जो लेझर सर्वाधिक वापरला गेला तो माणकाचा नाही. तो कार्बन डायऑक्साइड वायूचा. आणि त्याचा शोध लावणारा माणूस आपल्या बारामतीत जन्मलेला आहे. चंद्र कुमार नारणभाई पटेल, जन्म २ जुलै १९३८. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी, १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट आणि मग बेल लॅबोरेटरीज. तिथे विशी-पंचविशीतच त्यांनी हा लेझर बनवला. १९६४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध छापून आला. नळीत भरलेल्या वायूतून वीज सोडायची. मिश्रणातला नायट्रोजन ती ऊर्जा घेतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतो. ते रेणू १०.६ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींचा किरण सोडतात. हा किरण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी नेम धरायला सोबत लाल प्रकाशाचा बारीक ठिपका सोडतात. १९९६ मध्ये पटेलांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

या किरणाचा एक गुण वैद्यकाला उपयोगी पडला. पाणी तो झटकन शोषून घेते. आपल्या शरीराचे मांस म्हणजे बहुतांशी पाणीच. त्यामुळे किरण पडला की तिथला पातळ थर वाफ होऊन जातो आणि उष्णता फार खोल शिरत नाही. बारीक रक्तवाहिन्या जागीच बंद होतात. अवघड जागेतला आजारी पापुद्रा अलगद काढायला याहून चांगले काय?

किरण कुठे कामाला आला

१९७३ मध्ये इस्रायलमधले शल्यचिकित्सक आयझॅक कॅप्लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयाच्या मुखावरच्या जखमांवर हा लेझर वापरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे त्याच जागेवर कर्करोगाच्या आधी होणारे बदल जाळून काढायला तो वापरात आला. १९७९ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ इथे मोरिस ब्रुआ यांनी दुर्बिणीतून पोटात लेझर नेला. गर्भाशयाचे अस्तर भलतीकडे वाढण्याचा आजार, ज्यात पाळीच्या वेळी बाई वेदनेने कळवळते, त्यात याचा उपयोग झाला.

१९८१ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मिल्टन गोल्डरॅथ यांनी वेगळ्या जातीचा लेझर गर्भाशयाच्या आत नेऊन अस्तर जाळले. ज्यांचा रक्तस्राव कशाने थांबत नव्हता अशा बायकांना गर्भाशय न काढता आराम मिळण्याची वाट त्यामुळे उघडली. मला इथे फातिमा बिन्त अबी हुबैश आठवल्या. आणि अल-जहरावीचे गिरमिट? १९९० च्या दशकात होल्मियम लेझर आला. काचेच्या केसासारख्या तंतूतून तो किरण मूत्रमार्गाने आत जातो आणि मूतखड्याचा भुगा करतो. पोट फाडावे लागत नाही. हा उपचार आज आपल्याकडच्या अनेक शहरांत होतो आणि बायकांनाही त्याचा तितकाच फायदा आहे.

तेव्हा लेझर ही फसवणूक नव्हे. नेमका आजार आधी ओळखलेला असेल आणि हात तयार असेल, तर ते खरे हत्यार आहे. एवढेच की अनेक ठिकाणी स्वस्त साधनेही तेच काम करतात. गर्भाशयमुखावरचे ते बदल आता थंड वायूने गोठवून किंवा विजेच्या तारेच्या कड्यानेही काढले जातात.

पत्रकात नसलेल्या गोष्टी

फुप्पीच्या पत्रकातला लेझर मात्र या सगळ्यांहून वेगळ्या कामासाठी होता. गेल्या १०-१५ वर्षांत कार्बन डायऑक्साइडचा किरण बारीक ठिपक्यांत विभागून योनीच्या आतल्या त्वचेवर सोडण्याची पद्धत जगभर पसरली. उष्णतेने त्वचा नवी होते, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा जातो, सैलपणा जातो, लघवी सुटणे थांबते, असा दावा. यंत्रे भराभर विकली गेली.

३० जुलै २०१८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. ही यंत्रे गर्भाशयमुखाच्या आजारी पेशी किंवा चामखीळ काढण्यासारख्या कामांना मंजूर आहेत. पाळी गेल्यानंतरच्या तक्रारी, लघवी सुटणे किंवा शरीरसंबंधातील अडचणी यांसाठी मंजूर नाहीत. भाजणे, व्रण राहणे, कायमचे दुखणे असे अपाय झाल्याचेही प्रशासनाने सांगितले. मे २०२१ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने लघवी सुटण्यावर योनीमार्गातून लेझर फक्त संशोधनापुरताच वापरावा, असे मार्गदर्शन दिले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडनीतला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी गेल्यानंतरचा त्रास असलेल्या ८५ स्त्रिया. काहींना तीन वेळा खरा लेझर दिला, काहींना यंत्र आत ठेवून नुसते देण्याचे नाटक केले. कोणाला काय मिळाले हे त्या बायकांना माहीत नव्हते. १२ महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तीन बैठका. फुप्पीच्या पत्रकातही तीनच होत्या.

गडचिरोली ते बीड

इथवर आल्यावर मला वाटले, पत्रक फाडून टाकावे आणि फुप्पीला सांगावे, पाटल्या कपाटात ठेव. पण मग दुसरा प्रश्न उरतो. इतकी वर्षे कुणाजवळ न बोललेली बाई एका गुळगुळीत कागदाजवळ का बोलली?

याचे उत्तर विदर्भातच आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. प्रत्येकीला सरासरी साडेतीनहून अधिक आजार. आणि यापूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या बाया फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढेच सरकारी वहीत होते. पोटुशी नसलेल्या बाईलाही शरीर असते, हे या अभ्यासाने जगाला दाखवले.

पुढचे उदाहरण धाराशिवचे, तेव्हाच्या उस्मानाबादचे. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी त्या जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आला. ज्या गटात विषाणूची एकदाच तपासणी झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथे लेझर नव्हता. गोठवण्याचे यंत्र आणि तारेचे कडे होते. आणि मुख्य म्हणजे, कुणीतरी त्या बायांच्या गावापर्यंत गेले होते.

जिथे कुणी विचारायला जात नाही तिथे काय होते, ते बीडने दाखवले. २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारने माहिती दिली की तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांचा प्रश्न त्यातून पुढे आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्यावरून ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती घातल्याच्या कहाण्या बायांनी सांगितल्या. १९८१ साली गर्भाशय वाचवायची वाट निघाली होती. ती त्यांच्यापर्यंत आली नाही, आणि साधी नीट तपासणीही आली नाही.

पत्रक आणि पिशवी, दोन्हींचे मूळ एकच आहे. बाईचे दुखणे घरात ऐकले जात नाही. सरकारी दवाखान्यात तिला आडोसा आणि वेळ मिळत नाही. मग जो पहिला माणूस तिच्या दुखण्याला नाव देतो, त्याच्या हातात ती सगळे सोपवते. मुस्लिम वस्तीत तर याला धर्माचे कुलूप लावले जाते. त्या कुलपाची चावी धर्मानेच दिलेली आहे, हे कुणी सांगत नाही.

पुन्हा उंद्री

फुप्पीला मी लेझर नको, एवढेच सांगितले नाही. बायको तिला एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंकडे घेऊन गेली. तपासणी झाली, लघवीची चाचणी झाली. गर्भाशयमुखाचीही तपासणी झाली, आयुष्यात पहिल्यांदाच. डॉक्टर बाईंनी तिला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम शिकवला. अमेरिकेतले डॉ. अर्नॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला होता. त्याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, पण महिनोन्महिने रोज करावा लागतो. तेवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे, तो नंतर पाहू, असे त्या म्हणाल्या.

नमाजचा मसला बायकोने मुलींच्या मदरशात शिकवणाऱ्या एका आपांना विचारला. त्या म्हणाल्या, वाकल्याने थेंब सुटत असेल तर ज्या बैठकीत सुटत नाही त्या बैठकीत इशाऱ्याने नमाज पढावी. तीच तिची पूर्ण नमाज.

म्हणजे फुप्पी इतकी वर्षे खुर्चीवर बसून जे करत होती ते बरोबरच होते. बायकोने हे सांगितले तेव्हा फुप्पी काही बोलली नाही. ओढणी तोंडावर घेऊन बराच वेळ रडली. त्या रडण्यात दुखणे किती होते आणि धास्ती किती, मला सांगता येणार नाही.

चार महिने झाले. त्रास पूर्ण गेलेला नाही, कमी आहे. पाटल्या हातात आहेत. गेल्या आठवड्यात फोनवर बायकोला म्हणाली, शेजारच्या दोघींनाही तेच दुखणे आहे, त्यांना व्यायाम शिकवते आहे, दार लावून. मी बायकोला म्हटले, फुप्पीला सांग, दार लावायला हरकत नाही. अल-जहरावीलाही एका जाणकार बाईचाच शोध होता.